कॅसच्या फाईली तपासायला बसताय? मग हे वाचा

आयक्यूएसीवर (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावर) पहिल्यांदाच नाव लागलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे लिहितेय. मी पुण्यात एका अनुदानित कॉलेजात शिकवते आणि सहकाऱ्यांच्या कॅसच्या (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे शिक्षकांची बढती योजना) फाईली तपासायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे, म्हणजे यांना पुढची वेतनाची लेव्हल आणि वाढलेला पगार मिळावा का याची पहिली चाळणी. निर्णय समितीचा असतो, तिथे बाहेरचे विषयतज्ज्ञ बसतात, पण तुम्ही फाईल जशी लावून द्याल तशीच ती तिकडे वाचली जाते.

सगळ्यात आधी, कॅस ही स्पर्धा नाही. एक जागा आणि दहा उमेदवार असला प्रकारच नाही, २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत माणूस बसत असेल तर त्याला मिळायला हवं, मग स्टाफरूममध्ये 'हा कसला प्रोफेसर' म्हणून कितीही कुजबुज चालू दे. लोक इतके हळवे का होतात तेही समजून घ्या. लेव्हल १२ चं सुरुवातीचं मूळ वेतन ७९,८०० आणि १३ए चं १,३१,४००, मधली दोनचार इन्क्रिमेंट धरली तरी उडी चाळीस हजारांच्या पुढेच जाते, वर महागाई भत्ता वेगळा.

शिकवण्याचा निकष दिसायला सोपाय. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर गुड, ७० ते ८० मध्ये सॅटिस्फॅक्टरी, त्याखाली नाही. पण नुसता टक्का बघून टिक करू नका, टाईमटेबल आणि हजेरीचं रजिस्टर शेजारी ठेवून दोन महिने तरी जुळवून बघा. एका रजिस्टरमध्ये मला अनंत चतुर्दशीला ओळीने तीन लेक्चर झालेली दिसली, मुलांची हजेरी फुल्ल! त्या दिवशी पुण्यात कोण कुठे असतं ते मी सांगायला नको.

आता जिथे सगळ्यात जास्त अन्याय होतो ते. बाळंतपणाची रजा, चाइल्ड केअर लीव्ह, आजारपणाची रजा, स्टडी लीव्ह हा काळ या मोजणीतून वगळायचा असतो, उरलेल्या काळाचं काम बघायचं आणि तेच प्रमाण पूर्ण काळाला लावायचं, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. तरी एका मॅडमच्या फाईलवर आमच्यातल्याच एका सीनियरनी पेन्सिलने 'तास कमी' लिहून ठेवलेलं. त्यांनी सहा महिन्यांच्या रजेतले तास नेमून दिलेल्यांत धरले होते, मग टक्का पडणारच ना! रजेची ऑर्डर काढली, तो काळ काढून परत हिशोब केला, मॅडम आरामात ८० च्या वर. अशी फाईल आली की आधी सेवापुस्तकातली रजेची पानं बघा.

रिसर्च स्कोअर, म्हणजे संशोधनाचे गुण, प्रोफेसरपदासाठी ११० लागतो, शिवाय दहा पेपर, त्यातले तीन मूल्यांकनाच्या काळातले. भाषा, सामाजिक शास्त्रं, कॉमर्सवाल्यांना पेपरला १०, सायन्सला ८. दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के, जास्त असले तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३० टक्के. इथे लोक सर्रास पूर्ण गुण लावून आणतात, बहुतेक वेळा लबाडी नसते, नियमातली टीपच वाचलेली नसते. संशोधनाच्या सहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारांतून गुण यावे लागतात हेही कोणी वाचत नाही.

जर्नलचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पूर्वी यूजीसी-केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलची यादी होती, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं, ती २०२५ मध्ये बंद झाली आणि जबाबदारी कॉलेजांवर आली. लिस्ट होती तेव्हा पण चांगल्या जर्नलच्या नावाने नकली वेबसाईट काढून पैसे उकळणारे होतेच. मी आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकून खरी साईट शोधते, संपादक मंडळातल्या लोकांची नावं त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर आहेत का बघते, पेपर आल्याची आणि स्वीकारल्याची तारीख बघते. चार दिवसांत स्वीकारला असेल तर परीक्षकांचे शेरे मागा, खरा असेल तर माणूस लगेच मेल काढून दाखवतो.

खटकणारी एक गोष्ट आहे आणि ती तुम्हालाही खटकणार. ज्यांच्या तासाला दुसऱ्या डिव्हिजनची पोरं येऊन बसतात त्या मास्तरांसाठी नियमांतल्या गुणांच्या तक्त्यात रकानाच नाही. गुण वाढवता येत नाहीत, वाढवूही नका, पण सोबतच्या टिपणात दोन ओळी लिहिता येतात, मी लिहिते.

त्रुटी कधी तोंडी सांगू नका. पान नंबर टाकून लेखी द्या, पोच घ्या आणि पात्रतेच्या तारखेच्या आत द्या, कारण वेळेत अर्ज करून पास झालेल्याला त्या तारखेपासूनच बढती लागू होते आणि समितीने एकदा नाकारलं की पुन्हा मूल्यांकनाला किमान एक वर्ष थांबावं लागतं.