पोटातील अल्सरचे निदान: तपासणीपूर्वी आणि तपासणीनंतर

बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली कित्येक आठवडे जळजळ होत असेल किंवा कुरतडल्यासारखे दुखत असेल, तर ‘पित्त झाले’ असे म्हणून दुकानातून गोळ्या आणत राहू नये. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दुखण्याची वेळ टिपून ठेवावी. जठरातील व्रण, म्हणजेच अल्सर, बहुधा जेवल्यावर दुखतो, तर लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण उपाशीपोटी किंवा मध्यरात्री दुखतो आणि चार घास खाल्ले की शमतो. अर्थात, हा भेद पुस्तकात असतो तितका रुग्णात स्पष्ट नसतो. त्याहून मोलाची आहे ती औषधांची यादी. सांधेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात आणि नेमक्या त्याच सांगायच्या राहून जातात. हृदयविकारासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये.

दुसरे मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना तो दाखवून दिल्याबद्दल २००५ चे नोबेल मिळाले, तरी आपल्याकडे सगळा दोष अजून मिरचीलाच दिला जातो. हा जिवाणू श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीत सापडतो. परंतु पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारखी आम्ल घटवणारी औषधे त्याआधी साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद नसतील, तर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. ती कधी थांबवायची, हे डॉक्टरांनाच विचारावे. रक्तातील प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) चाचणीवर विसंबू नये, कारण संसर्ग जुना की चालू, हे ती सांगत नाही.

व्रण प्रत्यक्ष दिसतो तो एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच त्रास सुरू झाला असेल, वजन घटत असेल, गिळताना अडत असेल किंवा रक्त कमी झाले असेल, तर ती लांबवू नये. जठरातील व्रणाच्या कडेचा तुकडा तपासतात, कारण कर्करोगही तसाच दिसू शकतो. म्हणूनच अनेकदा आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात.

रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखे काळे शौच अथवा अचानक उठलेली असह्य कळ असल्यास तात्काळ रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून त्या चालू असल्यास तसे सांगावे.

जिवाणूवरील उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुन्हा करून घ्यावी; दुखणे थांबले म्हणजे जिवाणू गेला, असे होत नाही.