ड्रॅगसाठी बनवलेली गाडी विकताना: गाडीचा सौदा वेगळा, मॉड्सचा वेगळा

ड्रॅग म्हणजे सरळ पट्टीवरची वेगाची शर्यत आणि मॉड्स म्हणजे त्यासाठी गाडीत केलेले बदल. आधी कडू गोष्ट सांगून टाकतो. पाच लाखांचे पार्ट घातले म्हणून गाडी पाच लाखांनी महाग होत नाही, उलट बऱ्याचदा स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी असलेल्या गाडीपेक्षाही पैसे कमी मिळतात, कारण साध्या गिऱ्हाइकाला ती "मारलेली गाडी" वाटते आणि ज्याला खरंच कळतं तो म्हणतो की माझ्या ट्यूनरकडून (इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्याकडून) मीच बनवून घेईन, तुझं कशाला घेऊ. म्हणून माझं तरी सरळ मत आहे, गाडी स्टॉकला आणून एकाला विका आणि पार्ट सुटे दुसऱ्यांना विका. आहे तशीच विकायची तर घेणारा त्याच सर्कलमधला हवा, त्याने गाडी पळताना बघितलेली हवी, आणि थांबायची तयारी हवी.

उदाहरणाला २०१७ ची ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३० घेऊ, आपल्याकडे या खेळात ती भरपूर दिसते. दोन लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, कंपनीचे २३० पीएस आणि ३५० एनएम, सहा गिअरची वेट क्लचवाली (तेलात बुडालेल्या क्लचची) डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटर (पाव मैल) पळवणारे लोक साधारण काय करतात, तर मोठा आयएस३८ टर्बो, डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), इनटेक (हवा आत घेणारा भाग), जास्त पकडीचे सेमी-स्लिक टायर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), टीसीयू (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) दोन्हीचं रिमॅप, म्हणजे सेटिंग बदलणं. यातलं डाउनपाइप, इनटेक आणि टायरसकट व्हील लगेच जातात. टर्बोला गिऱ्हाईक मिळतं पण तो किती किलोमीटर चाललाय आणि शाफ्टला प्ले (ढिलेपणा) किती आहे हे विचारणारच, तेव्हा काढल्यावर शाफ्ट हलवून दाखवणारा व्हिडिओ काढून ठेवा. रिमॅपचे पैसे मात्र गेले समजा, ते त्या ईसीयूला बांधलेलं असतं, फार तर ट्यूनरला विचारा की लायसन्स नव्या मालकाच्या नावावर होतं का. आणि लेबरचे पैसे तर विसराच.

हे सगळं जमतं ते कंपनीचे काढलेले पार्ट जपून ठेवले असतील तर. ओरिजिनल टर्बो, कॅटवालं (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं) डाउनपाइप, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा), अलॉय, आणि हो, क्लॅम्प आणि नटबोल्टसुद्धा. नसतील तर आजपासून शोधायला लागा, सेकंडहँड मिळतात पण वेळ लागतो.

आता "स्ट्रीट लीगल". जाहिरातीत हा शब्द लिहायच्या आधी दोनदा विचार करा भावांनो. पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे म्हणजे गाडी कायदेशीर, असं नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या आणि आरसीवर चढलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदललं असेल आणि आरटीओकडे नोंद नसेल तर ती गाठ आधी सोडवा, कारण चासी आणि इंजिन नंबर जुळले नाहीत की ट्रान्सफर तिथेच अडकतं आणि तोपर्यंत टोकन घेतलेलं असेल तर डोक्याला वेगळाच ताप. कॅट काढलेला असेल तर परत लावा, पॉप्स अँड बँग्सवाला (सायलेन्सरमधून फटाके फोडणारा) मॅप असेल तर तोही काढा. गाडी फक्त ट्रॅकसाठी म्हणून विकत असाल तर तसं स्पष्ट लिहा आणि ट्रेलरवरून न्यायला सांगा.

अजून एक, एक्सप्रेसवेवर पुल मारतानाच्या (एकदम दाबून वेग घेतानाच्या) तुमच्या रील्स डिलीट करा. नंबर प्लेट दिसते त्यात. घेणाराही बघतो आणि पोलीसही बघतात.

स्टॉकला आणली तरी गाडीचा इतिहास लपवू नका. डीलरकडे स्कॅन लावला की ईसीयू छेडलेला कळतो, आणि नंतर कळलं तर भांडण घरापर्यंत येतं. उलट कागद दाखवा, खरं वजन त्याने येतं. डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) एकच मोठा आकडा सांगून काही होत नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला असं सगळेच करतात, त्यात चाकावर मोजलेला की क्रँकवरचा (थेट इंजिनचा) हेही कोणी सांगत नाही. त्यापेक्षा तिसऱ्या गिअरमधला २,५०० पासून ६,५०० आरपीएमपर्यंतचा लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) द्या, अर्थात डायनोवर नाहीतर ट्रॅकवर काढलेला. ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट जवळजवळ चाललेत का, कुठला सिलिंडर टायमिंग मागे खेचतोय का, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय का, आरपीएम वर गेल्यावर फ्युएल प्रेशर पडतं का, जाणकार माणूस एवढंच बघतो. चारही सिलिंडरचा कॉम्प्रेशन टेस्ट (आतला दाब मोजण्याची चाचणी) करून गेजचे फोटो ठेवा, आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले की अर्धी घासाघीस तिथेच संपते. या डीएसजीचं ऑइल कंपनी ६०,००० किलोमीटरला बदलायला सांगते, लाँच मारणाऱ्या (जागेवरून पूर्ण ताकदीने सुटणाऱ्या) गाडीचं त्याच्या बरंच आधी बदललेलं असायला हवं, बिल असेल तर वर ठेवा. आणि मॅप ठेवूनच देणार असाल तर तो कुठल्या पेट्रोलवर बनवलाय ते लिहून द्या, एक्सपी १०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) वर बनवलेल्या मॅपमध्ये पुढच्याने गावाकडच्या पंपावरचं साधं पेट्रोल भरलं की नॉक (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट) सुरू.

"लास्ट प्राइस?" एवढाच मेसेज टाकणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. जो सर्व्हिस हिस्टरी मागतो, तो खरा.

टेस्ट ड्राइव्हला आधी तुम्ही चालवा आणि त्याला शेजारी बसवा. इंजिन ऑइल तापेपर्यंत दाबायचं नाही, लाँच कंट्रोल तर रस्त्यावर नाहीच, त्याला फार हौस असेल तर टोकन घेऊन ट्रॅक डेला भेटा. स्टिअरिंग देण्याआधी लायसन्स बघून फोटो काढा. दोन मित्रांना घेऊन येणारा आणि मागच्या सीटवरून रील काढणारा बहुतेक टाइमपासच असतो, हे अनुभवाने सांगतोय.

पैसे आरटीजीएसने, खात्यात जमा झालेले दिसले की मगच चावी. दोन लाख किंवा त्यावर कॅश घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. कागदांत फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे), लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (लोनची नोंद काढायचा), गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ (आरटीओच्या एनओसीचा). ई-चलन आधी भरून टाका. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपीही (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावून घ्या, नाहीतर आरटीओतलं काम लटकतं. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा, किती वाजून किती मिनिटांनी गाडी दिली ते, आणि गाडीत काय काय बदललेलं आहे त्याची यादी करून खाली त्याची सही घ्या.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या भरवशावर सोडून द्यायचं नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी चार हात फिरलेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. नेहमीच्या गाडीत लोक हे चालवून घेतात, पण तुमची गाडी घेणारा ती हळू चालवायला घेत नाहीये ना. ट्रान्सफर अर्ज भरल्याची पावती स्वतःकडे ठेवा आणि ऑनलाइन नाव बदललेलं दिसेपर्यंत मागे लागा.

इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं सर्टिफिकेट काढून घ्या, तो बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही, आणि तीन वर्षांत नवी गाडी घेतली तर कामाला येतो. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नवा मालक दर रविवारी लोणावळ्याला जाणार आणि खालापूरचा टोल तुमच्या खात्यातून कटणार.