मांडवीच्या काठाने पणजी: पाहुण्यांसाठी तीन दिवसांची आखणी

पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावहून गोव्यात येणारी बहुतेक कुटुंबे कळंगुट-बागा परिसरात उतरतात, भाड्याच्या गाडीने एक दिवस उत्तर गोवा आणि एक दिवस दक्षिण गोवा आटोपतात आणि पणजी शहर गाडीच्या काचेतूनच पाहून परततात. पणजीत राहून घरी येणाऱ्या नातेवाइकांना गाव दाखवण्याचे काम अनेकदा केल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, पहिल्यांदा येणाऱ्याने मुक्काम पणजीत करावा आणि मांडवी नदी धरून फिरावे. जुनी राजधानी जुने गोवे याच नदीवर होती, नवी राजधानी पणजीही याच नदीवर आली, तिच्या मुखावर किल्ले आहेत आणि तिच्यावरच्या फेरीबोटी आजही चालू आहेत. त्यामुळे नदीचा माग ठेवला की गोव्याचा इतिहास आपोआप क्रमाने समोर येतो आणि रोज तीन-चार तास गाडीत घालवावे लागत नाहीत.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी शक्य असल्यास करमळी स्थानकाचे तिकीट काढावे, कारण पणजीला तेच सर्वांत जवळचे आहे. मडगावला उतरल्यास पणजीसाठी कदंब महामंडळाच्या बसगाड्या मिळतात. शहरात एकट्यादुकट्या माणसासाठी दुचाकी-टॅक्सी हे उत्तम वाहन असून तिच्या चालकाला इथे ‘पायलट’ म्हणतात. बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे.

पहिला दिवस पणजीला पायी द्यावा आणि सुरुवात सकाळी सात-साडेसातला मळा भागातून करावी. छायाचित्रांत गाजलेली फोंतेन्हासची वस्ती इथूनच सुरू होते. मळा आणि फोंतेन्हास आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी एकमेकांना लागून आहेत. येथील पिवळ्या, निळ्या, तांबड्या घरांना पावसाळ्यानंतर नव्याने रंग देण्याची जुनी रीत आहे. रंगांवर नजर फिरवून पुढे न जाता एखाद्या घरासमोर दोन मिनिटे थांबून पाहावे. जुन्या खिडक्यांच्या झडपांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, चौकोनी चकत्या लाकडी पट्ट्यांत अडकवलेल्या दिसतात. ऊन त्यांतून आत दुधाळ होऊन येते, पण डोळ्यांवर येत नाही. कोकणातल्या उन्हापावसाला इतके साजेसे तावदान दुसरे नसावे. सकाळी सायकलवरून पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू ऐकू आला, तर त्याच्याकडून गरम पोळे, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, घेऊन खावेत.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ही राहती घरे आहेत. गेल्या काही वर्षांत छायाचित्रांसाठी येणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की, काही रहिवाशांना दारावर मनाईच्या पाट्या लावाव्या लागल्या. लोकांच्या पायऱ्यांवर बसणे, बाल्कनीखाली मोठ्याने बोलणे आणि परवानगीशिवाय दारात उभे राहून छायाचित्रे काढणे कटाक्षाने टाळावे. घरातले आजोबा बाहेर आले, तर त्यांच्याशी आधी दोन शब्द बोलावेत. अनेकदा तेच वस्तीतला झरा आणि सेंट सेबॅस्टियनचे कपेल, म्हणजे छोटे चर्च, कुठे आहे ते दाखवतात. वर टेकडीच्या उतारावर मळ्यातला मारुती आहे. तिथल्या पायऱ्यांवरून खालची कौले एका नजरेत दिसतात, म्हणून वस्ती पाहून झाल्यावर वर चढावे.

तेथून पणजीच्या मुख्य चर्चकडे यावे. पांढऱ्याशुभ्र दर्शनी भागासमोरच्या नागमोडी पायऱ्या सर्वांनाच माहीत असतात, पण मी पाहुण्यांना मान वर करून मधली घंटा पाहायला सांगतो. ही घंटा मूळची जुने गोवे येथील ऑगस्टिनियन साधूंच्या चर्चची. ते चर्च ओस पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहाकडे गेली आणि 1871 मध्ये पणजीत आली. त्यामुळे या तीन दिवसांत घंटेची तिन्ही घरे आपल्याला पाहता येतात. मुलांना बरोबर घेऊन फिरणाऱ्यांना हा धागा फार उपयोगी पडतो, कारण प्रत्येक ठिकाणी ‘घंटा इथे कुठे असेल?’ असे शोधण्यात ती रमतात.

चर्चपासून महालक्ष्मी मंदिर चालत जाण्याइतके जवळ आहे. पोर्तुगीज अमलात पणजीत उभारायला परवानगी मिळालेले हे पहिले हिंदू मंदिर मानले जाते आणि त्याचे साल 1818 सांगितले जाते. पुढे नदीकाठी आदिलशहाचा राजवाडा लागतो. विजापूरच्या आदिलशहाने बांधलेल्या या वास्तूत 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय राहू लागले आणि गोवा मुक्तीनंतर 2000 सालापर्यंत येथेच विधानसभा भरत होती. शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळी येथे 1756 मध्ये जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि ती अवस्था माणसाच्या स्वतःच्या मनातून निर्माण होते, असे प्रतिपादन केले. हात पसरून उभा असलेला पुरुष आणि त्याच्यासमोर कोसळणारी स्त्री पाहून अनेकांचा गैरसमज होतो, म्हणून हे आधी माहीत असावे. आझाद मैदानाजवळच्या मिनेझीस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांवर रंगवलेली चित्रे आहेत. ती पाहायला पाच मिनिटे पुरतात आणि तरीही बहुतेक पर्यटक त्या दारावरून तसेच पुढे जातात.

दुपारी एकच्या सुमारास पणजीतील बरीच दुकाने बंद होतात आणि तीन-साडेतीननंतर उघडतात. या वेळेशी झगडू नये. शीतकढीची, म्हणजे भात-कालवणाची, थाळी जेवावी, मासे खाणाऱ्यांनी तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके आणि हुमण, म्हणजे माशांचे कालवण, मागवावे, शाकाहारी माणसांनी खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांची भाजी, मिळते का ते विचारावे, आणि मग विश्रांती घ्यावी. संध्याकाळी कांपालच्या झाडांखालून, चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेल्या कला अकादमीवरून मिरामारपर्यंत चालत जावे. तेथे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आहे. मिरामार हा सूर्यास्त पाहण्याचा किनारा आहे, पोहण्याचा नव्हे; नदीच्या मुखाजवळ पाण्याला ओढ असते. लाल झेंडा असेल तेव्हा कोणत्याही किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये, आणि जून ते सप्टेंबर समुद्रस्नानाचा विचारच करू नये.

दुसरा दिवस जुने गोवे आणि दिवाडी यांच्यासाठी ठेवावा. जुने गोवे पणजीपासून सुमारे 10 किलोमीटरवर आहे. फोंड्याकडे जाणाऱ्या बसगाड्या तेथून जातात, पण रायबंदरमार्गे जाणारी बस मिळाल्यास तीच घ्यावी, कारण तो रस्ता पोर्तुगीजांनी 1630च्या दशकात मांडवीकाठच्या दलदलीतून बांधलेल्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या बांधावरून जातो. अजूनही रोजची वाहतूक पेलणारा हा बांध स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे, हे फारच थोड्यांच्या लक्षात येते.

बॉम जेझस बॅसिलिकेचे बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये तिचा अभिषेक झाला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष येथे असल्यामुळे हे सर्वप्रथम एक श्रद्धास्थान आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि आवाज खाली ठेवावा. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, त्यामुळे शक्यतो आठवड्यातला दुसरा दिवस निवडावा. बाहेरच्या भिंतीवर एकदा हात ठेवून पाहावा. गेल्या शतकाच्या मध्याला तिचा गिलावा काढण्यात आला आणि आतला जांभा उघडा पडला. जवळून पाहिले तर प्रत्येक चिरा मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र दिसतो. छायाचित्रांत ही लाली सुंदर दिसते, परंतु मुळात गिलाव्याखाली राहण्यासाठी रचलेला हा दगड गोव्याच्या पावसात झिजतो आणि याबद्दल जाणकार अनेक वर्षे चिंता व्यक्त करीत आहेत. म्हणून हात टेकवावा, पण नखाने उकरू नये.

समोर से कॅथेड्रल आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला, म्हणून इमारत एका बाजूला रिकामी वाटते. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातील सर्वांत मोठी घंटा आहे. शेजारच्या पुरातत्त्व संग्रहालयाला शुक्रवारी सुटी असते. या दोन वास्तू पाहिल्यावर अनेक जण परत फिरतात, पण माझ्या मते जुन्या गोव्यातील सर्वांत बोलके ठिकाण टेकडीवर आहे: सेंट ऑगस्टीनचा भग्न मनोरा. 1835 मध्ये साधूंना येथून जावे लागले, 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले आणि 1931 मध्ये दर्शनी भाग पडला. आज सुमारे 46 मीटर उंचीचा एकच मनोरा उभा आहे. पणजीच्या घंटेचे मूळ घर ते हेच. 1624 मध्ये इराणमध्ये ठार झालेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे अवशेष याच ढिगाऱ्यांतून उत्खननात सापडले आणि 2021 मध्ये भारताने ते जॉर्जियाला भेट दिले. येथे सकाळी दहाच्या आत जावे, कारण सावली जवळजवळ नाही.

दुपारनंतरचा टप्पा मराठी वाचकांनी मुळीच चुकवू नये. सेंट कॅजेटन चर्चजवळून व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ नदीकडे गेले की फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बोट धक्क्याला टेकली की लोखंडी फळी खाली पडते, आधी दुचाक्या घाईने बाहेर पडतात, मग माणसे. त्यांना उतरू द्यावे आणि मगच चढावे. काही मिनिटांत आपण दिवाडी बेटावर असतो. श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी मंदिर पाडल्यावर देव पलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वे येथे नेण्यात आला आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. दिवाडीहून नार्व्याला दुसरी फेरीबोट जाते. देव ज्या पाण्यापलीकडे गेला, तेच पाणी ओलांडून मंदिरात जाण्याचा अनुभव गाडीने थेट नार्व्याला पोहोचून मिळत नाही. मात्र दिवाडीवर अंतरे बरीच आहेत, त्यामुळे दुचाकी बरोबर असावी किंवा बेटावर रिक्षा मिळण्याची खात्री आधी करून घ्यावी, आणि परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंत्रुज महालातील, म्हणजे फोंडा परिसरातील, देवळे पाहावीत. येथे सकाळी म्हणजे खरोखर सकाळी, हे मी अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कोल्हापूरहून आलेल्या आत्याला आणि काकांना घेऊन मी भर बारा वाजता मंगेशीला पोहोचलो. अनवाणी पायांनी तापलेले अंगण ओलांडताना सत्तरी उलटलेल्या काकांचे तळवे इतके भाजले की, ते दीपमाळेच्या अरुंद सावलीत उभे राहिले आणि तेथूनच त्यांनी हात जोडले. त्यानंतर कोणालाही मी साडेआठनंतर तेथे नेलेले नाही. पातळ मोजे बरोबर ठेवले तरी मोठी सोय होते.

मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. 1560च्या सुमारास भाविकांनी देव पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर प्रियोळ येथे आणला. जवळच म्हार्दोळला वेर्ण्याहून आणलेली महालसा आहे आणि कवळ्याला केळशीहून आलेली शांतादुर्गा. कवळ्याचे सध्याचे मंदिर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात उभे राहिले. घुमट, कौले, कमानीच्या खिडक्या, अंगणातली दीपमाळ आणि पायऱ्यांची तळी अशी ही बांधणी घाटावरच्या देवळांहून अगदी वेगळी आहे. तीनही मंदिरे सकाळी साडेअकरापर्यंत निवांत होतात. म्हार्दोळला देवळाबाहेर जाईच्या फुलांचे गजरे मिळाले तर जरूर घ्यावेत.

दुपारनंतर पणजीहून फेरीबोटीने मांडवीच्या पलीकडच्या काठावरची बेती गाठावी आणि रेइश मागुशचा किल्ला पाहावा. 1551 मध्ये उभारलेला हा किल्ला डागडुजीनंतर 2012 मध्ये खुला झाला. आत मारियो मिरांडा यांच्या चित्रांचे दालन आहे आणि तटावरून समोर संपूर्ण पणजी दिसते. वेळ उरला तर आग्वाद गाठावा. 1612 चा हा किल्ला जहाजांना गोडे पाणी पुरवण्यासाठी प्रसिद्ध होता आणि 1864 चे दीपगृह अजून उभे आहे. शनिवार-रविवारी आग्वादच्या रस्त्यावर वाहने तासन् तास अडकतात. अशा दिवशी रेइश मागुशवर थांबणेच शहाणपणाचे.

खरेदी शेवटच्या संध्याकाळवर ढकलू नये, विशेषतः ती रविवारी येत असेल तर, कारण तेव्हा पणजीचा बाजार जवळजवळ बंद असतो. महापालिकेच्या बाजारात आमसुले घेताना ती बोटांनी दाबून पाहावीत: चांगले सोल मऊ, काळपट-लाल आणि किंचित चिकट लागते, तर जुने सोल कडक होऊन त्यावर मिठाचा पांढरा थर आलेला असतो. बेबिंका, म्हणजे थराथरांचा गोड पदार्थ, घ्यायचा असल्यास तो कधी भाजला ते विचारावे आणि गाडीत पिशवीच्या वरच्या बाजूला आडवा ठेवावा, म्हणजे त्याचे थर दबणार नाहीत.