वेबपानाची पीडीएफ स्क्रिप्टने काढताना नेमकं कशासाठी थांबायचं

नोडजेएसवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) पपेटिअर किंवा प्लेराइट बसवा, ही स्क्रिप्टमधून ब्राउझर चालवणारी साधनं आहेत. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे जुनं साधन सुचवणारे लेख अजून सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यातलं वेबकिट हे पान रेखाटणारं इंजिन जुनाट आहे, सीएसएस (पानाच्या मांडणीचे नियम) ग्रिडची मांडणी त्यात मोडते आणि तो प्रकल्प २०२३ मध्ये अर्काइव्ह झाला, म्हणजे त्यावरचं काम थांबलं. प्लेराइट घेतलंत तर ब्राउझर क्रोमियमच (क्रोमचा मुक्त पाया) ठेवा, पीडीएफची सोय त्यातच आहे.

ब्राउझर सुरू करा, पान उघडा, पीडीएफ काढा, ब्राउझर बंद करा. एवढं कुणालाही जमतं.

अडतं ते पीडीएफ नेमकी कधी काढायची इथे. मीही इथेच बराच काळ अडकलो होतो. ‘पाच सेकंद थांबा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. आपल्या मशीनवर सगळं व्यवस्थित दिसतं, पण सर्व्हरवर ताण आला की त्याच रिपोर्टमधला आलेख गायब होतो. स्क्रिप्ट मात्र एररशिवाय संपते, त्यामुळे कोऱ्या चौकटीची पीडीएफ थेट वाचणाऱ्याच्या हाती पडते.

‘नेटवर्कआयडल’वरही, म्हणजे नेटवर्क शांत होईपर्यंत थांबण्याच्या पर्यायावरही विसंबू नका. पपेटिअरचं ‘नेटवर्कआयडल०’ म्हणजे ५०० मिलिसेकंद एकही रिक्वेस्ट चालू नसणं, एवढंच. डेटा आला म्हणजे आलेख काढून झाला असं होत नाही. उलट पान सर्व्हरला सतत विचारणा करत असेल, तर तो क्षण येतच नाही आणि मुदत संपून स्क्रिप्ट टाइमआउट होते.

म्हणून पानालाच बोलतं करा, म्हणजे आपण तयार आहोत हे त्यालाच सांगू द्या. आधी मीडिया ‘प्रिंट’वर न्या, कारण फक्त छपाईच्या सीएसएसमध्ये असलेला फॉन्ट त्याआधी मागवलाच जात नाही. मग पान तळापर्यंत स्क्रोल करा, नाहीतर लेझी लोडिंगची, म्हणजे नजरेसमोर आल्यावरच लोड होणारी चित्रं राहून जातात. त्यानंतर ‘डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्स डॉट रेडी’ची, म्हणजे फॉन्ट लोड झाल्याच्या इशाऱ्याची वाट पाहा. प्रत्येक चित्राचं ‘कम्प्लीट’ तपासा, आणि सोबत ‘नॅचरलविड्थ’ (मूळ रुंदी) ही: तुटलेल्या चित्राचंही ‘कम्प्लीट’ ‘ट्रू’ येतं, रुंदी मात्र शून्य असते. आलेखांचं अ‍ॅनिमेशन बंद ठेवा. पान तुमचंच असेल तर सगळं काढून झाल्यावर ‘विंडो’वर एक खूण (व्हेरिएबल) ठेवा आणि स्क्रिप्टला ‘वेटफॉरफंक्शन’ने तिची वाट पाहू द्या. खूण आली नाही तर स्क्रिप्ट एरर देऊन थांबली पाहिजे. अर्धवट पीडीएफपेक्षा ते केव्हाही बरं.

बाकी किरकोळ. कागद ‘ए४’ लिहा, नाहीतर ‘लेटर’ धरला जातो. ‘प्रिंटबॅकग्राउंड’ चालू करा, नाहीतर रंगीत पट्टे पांढरे येतात. टेबलाच्या ओळी मधोमध तुटू नयेत म्हणून ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’ द्या. हेडर-फूटरसाठी मार्जिन सोडा आणि फॉन्टचा आकार त्यांच्या टेम्प्लेटमध्येच लिहा, पानाचं सीएसएस तिथे लागू होत नाही.

लिनक्स सर्व्हरवर ‘एफसी-लिस्ट’ ही फॉन्टची यादी देणारी कमांड चालवून देवनागरी फॉन्ट आहे ना, ते बघा. नसेल तर नोटो सॅन्स देवनागरी टाका, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन छापले जातील.