२९पी धूमकेतूचा भडका कसा पकडायचा (मराठवाड्यातल्या टेलिस्कोपवाल्यांसाठी)

धूमकेतू सूर्याजवळ आला की मगच बघण्यासारखा होतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण २९पी श्वासमान-वाखमान सूर्याजवळ कधी येतच नाही. १९२७ साली हॅम्बुर्गच्या वेधशाळेतून सापडला, गुरूच्याही पलीकडून जवळपास गोल कक्षेत फिरतो, एक फेरी पंधराएक वर्षांची. तिथल्या थंडीत पाण्याचा बर्फ उडत नाही पण आतला कार्बन मोनॉक्साइड उडतो, आणि वर्षातून सरासरी सातेक वेळा हा अचानक भडकतो, म्हणजे एकदम उजळतो. एरवी प्रत (तेजाचा आकडा, जेवढा मोठा तेवढं अंधुक) १६-१७, आणि सप्टेंबर २०२१ मधे सारथी तारकासमूहात असताना पार ११ च्या आसपास आला होता. कधी भडकेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून रोज बघणारी माणसं लागतात.

जागेचं आधी बघा. बालाघाटच्या माळावर अजून चांगला अंधार मिळतो, शेतात आखाडा असेल तर उत्तमच. पण रब्बीला रात्रीची लाइट आली की पाणी सोडतात आणि ओल्या रानाशेजारी दव लई लवकर बसतं, त्यामुळं मुरमाड कोरडी जागा धरा. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवलेलं असलं तर धूर खाली पसरतो, मग धूमकेतू चांगला वर आल्यावरच बघायचं.

८ इंची डॉबसोनियनमधून (साध्या बैठकीवर हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण) गडद अंधारात १३ व्या प्रतीपर्यंत दिसतं, म्हणजे मोठा भडका डोळ्यानं दिसेल, छोटे नाही दिसणार. छोट्यांसाठी ट्रॅकिंगचं माउंट (ताऱ्यांबरोबर आपोआप फिरणारी बैठक) आणि कॅमेरा पाहिजे, ३० सेकंदाचे फोटो अर्धा-एक तास घ्या आणि स्टॅक करा, म्हणजे एकावर एक जोडून एक फोटो करा.

धूमकेतूची आकाशातली जागा शोधायला स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमधे मायनर प्लॅनेट सेंटरचे कक्षेचे ताजे आकडे टाका, जुने ठेवू नका. हा वर्षाला एक रासही पुढं सरकत नाही, त्यामुळं तो भाग एकदा ओळखीचा झाला की रोजचं काम पाच मिनिटांचं.

आता मुख्य गोष्ट. भडकल्यावर पहिल्या रात्री तो धूसर दिसत नाही, साध्या ताऱ्यासारखा टिपका दिसतो, आणि इथंच लोक त्याला तारा समजून पुढं जातात. म्हणून भडका नसतानाचा त्या भागाचा फोटो जवळ ठेवा आणि ताडून बघा. शंका असली तर दोन तासांनी परत बघा, हा आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतानाच्या दिवसांत तासाला पंधरा-सतरा विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, तारा जागचा हलत नाही. मग तीन-चार दिवसांत टिपक्याची चकती होते, पसरत जाते, कधी एका बाजूनं कापल्यासारखी दिसते, आणि आठ-पंधरा दिवसांत फिकी होते. हे रोज त्याच एक्सपोजरनं टिपलं तर फार सुंदर मालिका तयार होते.

प्रत ठरवताना टिपका असेल तर शेजारच्या ताऱ्यांशी सरळ तुलना करा. चकती झाली की तिचा आकार आणि उजेड नीट ध्यानात ठेवायचा, मग तारे फोकसबाहेर काढून तेवढेच मोठे करायचे आणि मग तुलना.

आणि काहीच दिसलं नाही तरी लिहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. काल रात्री नव्हता, आज आहे, एवढ्या दोन नोंदींवरून भडक्याची वेळ एका दिवसाच्या आत पकडता येते. "दिसला नाही" च्या पुढं त्या रात्री दिसलेल्या सगळ्यात अंधुक ताऱ्याची प्रत टाका, नाहीतर त्या नोंदीचा उपयोग होत नाही. युरोपात अजून दिवस असतो तेव्हा आपल्याकडं रात्र सुरू झालेली असते, त्यामुळं मधली फट आपणच भरू शकतो.

वेळ यूटीत (जागतिक प्रमाण वेळेत) लिहायची, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे ४ ला बघितलं तर यूटीची तारीख आदल्या दिवसाची येते, तिथं जपून. नोंदी कॉब्स या धूमकेतूंच्या डेटाबेसवर टाकता येतात, खातं फुकट आहे.