थर्मो सुटत नाही? आधी या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेला माझ्याकडं सेकंड इयर मेकॅनिकलची पोरं थर्मो, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स (उष्णता आणि कामाचा विषय) शिकायला येतात, आणि बरीचशी चप्पल काढायच्या आधीच म्हणतात, "सर फक्त आयएमपी (परीक्षेत येणारे महत्त्वाचे प्रश्न) सांगा." आयएमपीवर सुटणारा विषय असता तर एवढ्या पोरांचे बॅक (नापास विषय) कशाला राहिले असते?

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे सेल्सिअस. तासगावचा एक पोरगा होता, हुशार, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. गणित साधं, इंजिनला ३२७ डिग्रीला उष्णता मिळते आणि २७ डिग्रीला सोडली जाते, तर जास्तीत जास्त एफिशियन्सी काढा, म्हणजे दोन तापमानांची वजाबाकी भागिले गरम बाजूचं तापमान. यानं काढली ९१.७ टक्के, वर उत्तराला चौकट. मी म्हटलं, अरे एवढी मिळत असती तर साखर कारखान्यांनी बगॅस (उसाचं चिपाड) जाळला कशाला असता, विकून टाकला असता. तर म्हणतो, "पण सर, वजाबाकी दोन्हीकडं ३०० च येते की, सेल्सिअस काय अन् केल्विन काय!" आता वजाबाकीचं त्याचं बरोबरच आहे, पण भागायचं कशानं ते बघायचं राहिलं. खाली ३२७ नाही, केल्विनमधले ६०० (३२७ अधिक २७३) पाहिजेत, उत्तर ५० टक्के. तरी पटेना, मग म्हटलं गरम बाजू ५० धर, थंड बाजू उणे १०, आणि तुझ्याच पद्धतीनं कर. आले १२० टक्के. मग गुपचूप खोडरबर काढला. शास्त्रज्ञ केल्विननं १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची पट्टी मांडली ती फ्रेंच इंजिनिअर कार्नोच्या १८२४ च्या कामावरूनच, त्यामुळं एफिशियन्सीच्या या कार्नोच्या सूत्रात सेल्सिअस घालणं म्हणजे कहरच आहे. मी डेटा उतरवतानाच २७३ मिळवून लिहायला लावतो, सेल्सिअस वहीत दिसलं की पान परत.

दुसरी चूक बाउंड्रीची. प्रश्न वाचला की लगेच फॉर्म्युला, सिस्टीम कुठली, म्हणजे हिशेब कशाचा करायचा आणि त्याची हद्द कुठं, ते ठरवलेलंच नसतं. बंद खोलीत फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का, असं विचारलं की निम्मा वर्ग हो म्हणतो, कारण सगळ्यांचं लक्ष दारातून येणाऱ्या गार हवेवर. रेघ अख्ख्या खोलीभोवती मारून बघा, आत येतेय फक्त वीज, म्हणजे खोली तापणारच. एन्ट्रॉपीतही (ढोबळ मानानं अव्यवस्थेचं माप) हेच, "नेहमी वाढते" एवढंच पाठ. पाण्याचा बर्फ होताना पाण्याची कमी होते की! वाढते ती पाणी आणि भोवतालची मिळून. पेन्सिलनं तुटक रेघ मारायला असा कितीसा वेळ लागतो, पण पोरांना धीर नाही.

तिसरी चूक गेज प्रेशर (वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) तसंच घालणं: बॉयलरचा गेज १० बार दाखवत असेल तर स्टीम टेबलमध्ये (वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) ११ च्या आसपास बघायचं, वातावरणाचा दाब कोण मिळवणार?

चिन्हांचंही तसंच: आतल्या ऊर्जेतला बदल काढताना बारावीच्या केमिस्ट्रीत क्यू (उष्णता) अधिक डब्ल्यू (काम) होतं, इथं बहुतेक पुस्तकांत क्यू वजा डब्ल्यू. पुस्तक कुठलं काम धन मानतंय ते पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वन शॉट व्हिडिओ (अख्खा धडा एकाच व्हिडिओत) दुप्पट स्पीडनं बघून "समजलं सर" म्हणणाऱ्यांना मी कोरा कागद देतो.

आणि स्टीम टेबल आदल्या रात्री पहिल्यांदा उघडू नका, दोन ओळींच्या मधली किंमत काढायला हात बसावा लागतो, तो एका रात्रीत बसत नाही.