रेकॉर्डिंग करताना मिडी फूट पेडलने वाह कसा चालवावा

वाहचा (पायाने आवाज 'वा-वा' असा बदलणाऱ्या इफेक्टचा) आवाज गिटारसोबत कायमचा रेकॉर्ड करू नका. गिटार ड्राय, म्हणजे इफेक्टशिवाय, घ्या आणि पायाची हालचाल वेगळ्या मिडी ट्रॅकवर घ्या; मिडी म्हणजे आवाज नव्हे, तर हालचालीचे आकडे. हात उत्तम चालला पण पाय एका जागी उशिरा पडला, तर तेवढीच जागा नंतर दुरुस्त करता येते. पुढची कृती रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली आहे.

वेगळं एक्स्प्रेशन पेडल मिडी बोर्डाला जोडायचं असेल तर टीआरएस (तीन जोडांची स्टीरिओ) केबलच लावा, गिटारची साधी केबल चालत नाही. बेहरिंगर एफसीबी १०१० सारख्या बोर्डाला यूएसबी नसतं, त्यामुळे ऑडिओ इंटरफेसला (गिटार संगणकाला जोडणाऱ्या डब्याला) पाच पिनांचं मिडी इन हवं किंवा वेगळी यूएसबी-मिडी केबल. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल ठेवा, म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर वाहशिवायची गिटारही सोबत ऐकू येते. प्रेफरन्सेसमध्ये पेडलचं मिडी इनपुट चालू करा.

दोन ट्रॅक घ्या: पहिला गिटारचा, दुसरा पेडलच्या मिडीचा. दोन्हींवर रेकॉर्ड आर्म आणि मॉनिटरिंग चालू. वाह गिटार ट्रॅकच्या नेहमीच्या एफएक्समध्येच टाका. इनपुट एफएक्समध्ये टाकलात तर तो आवाजात कायमचा मिसळतो.

बहुतेकांचं गाडं अडतं ते यापुढे. रीपरमध्ये एका ट्रॅकला एकच इनपुट मिळतं. ते गिटारने घेतलं की पेडलचं मिडी वाहपर्यंत पोहोचतच नाही. मग 'लर्न' (पेडल थेट नॉबला बांधणारी सोय) वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. लाइव्ह वाजवताना लर्न ठीक आहे. रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्याची हालचाल टिकवायला ऑटोमेशन (नॉबच्या हालचालीची ट्रॅकवरची नोंद) लिहावं लागतं, आणि दुसरा टेक, म्हणजे तोच भाग पुन्हा रेकॉर्ड, घेताना पहिल्याचं ऑटोमेशन पुसलं जातं. मिडी ट्रॅकवर प्रत्येक टेकची हालचाल स्वतंत्र राहते.

म्हणून दुसऱ्या ट्रॅकवरून पहिल्यावर सेंड (एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाणारी जोडणी) काढा. त्यात ऑडिओ 'नन' आणि मिडी 'ऑल' ठेवा. वाहचा पोझिशन नॉब एकदा हलवा, 'पॅरम' बटणातून 'पॅरॅमीटर मॉड्युलेशन/मिडी लिंक' उघडा आणि लिंकमध्ये पेडलचा सीसी क्रमांक (मिडीमध्ये त्या पेडलच्या आकड्यांचा क्रमांक) निवडा. एक्स्प्रेशनसाठी सहसा सीसी ११ असतो, पण अंदाजाने टाकू नका. मिडी ट्रॅकवर रीपरचं रीकंट्रोलमिडी प्लगइन टाकून 'शो लॉग' उघडा, पेडल हलवा, खरा क्रमांक समोर येईल.

त्याच लॉगमध्ये दोन्ही टोकं तपासा. टाच पूर्ण खाली तेव्हा ०, चवडा पूर्ण खाली तेव्हा १२७ दिसलं पाहिजे. ५ ते १२० दिसत असेल तर पेडलच कॅलिब्रेट करा. प्लगइनमध्ये भरपाई केली तर ती प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पुन्हा करावी लागते. पाय स्थिर असताना आकडे थरथरत असतील तर बहुधा आतला पॉट (पेडलसोबत फिरणारा भाग) मळलाय, पेडलमध्ये पॉट असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

आता पल्ला, त्याच लिंकच्या खिडकीत. बेसलाइन म्हणजे टाच खाली असतानाची जागा, स्केल म्हणजे तिथून पुढची धाव. वाहला पूर्ण ० ते १०० कधीच देऊ नका, खाली आवाज घुसमटतो आणि वर कानात टोचतो. बेसलाइन १५ आणि स्केल ७० टक्क्यांपासून सुरू करा आणि बाकीची वाद्यं चालू ठेवून कानाने ठरवा. दोन्हींची बेरीज १०० च्या वर गेली, तर शेवटच्या टप्प्यात पाय हलतो पण आवाज हलत नाही.

सगळ्यात जास्त टेक वाया जातात ते मात्र वेगळ्याच कारणाने: पेडल हलवल्याशिवाय आकडा पाठवत नाही. टेकच्या सुरुवातीला पाय स्थिर असेल तर मिडी ट्रॅकवर काहीच उमटत नाही, आणि प्लेबॅकला वाह आधी जिथे राहिला असेल तिथून सुरू होतो. काउंट-इनमध्ये (रेकॉर्डिंगआधीच्या मोजणीच्या ठोक्यांत) हलवून उपयोग नाही, ते रेकॉर्ड होत नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्या स्वराआधी एक बार मोकळा ठेवा, त्यात पेडल टाचेपासून चवड्यापर्यंत फिरवा आणि हव्या जागी आणा.

नंतरची दुरुस्ती मिडी एडिटरच्या सीसी लेनमध्ये (जिथे पेडलचे आकडे दिसतात त्या पट्टीत) करा.

हीच जोडणी डिलेला (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टला) वापरायची तर पेडल 'टाइम'ला बांधू नका, बहुतेक डिलेंमध्ये स्वर घसरतो. 'मिक्स'ला बांधा. फीडबॅकला बांधलंच तर वरची मर्यादा ८० टक्क्यांखाली ठेवा, १०० टक्क्यांच्या जवळ गेलं की प्रतिध्वनी थांबतच नाही.